काजळ्याच्या भोयर बाई

भोयर बाई विज्ञान शिकवायच्या. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिथूनच आहे. नालवाडीच्या आमच्या शाळेत मराठीचा शिक्षक मी होतो. बालकवितांची दोन पुस्तकं माझ्या नावावर होती. स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत माझं, सूत्रसंचालन माझं, दारातल्या फळ्यावरचा सुविचारही माझाच. आणि तरी आज वर्ध्यातल्या पंचविशीच्या कुणालाही विचारा, लहानपणी कानावर पडलेलं कोणतं मराठी वाक्य अजून आठवतं, तर तो जे सांगेल ते भोयर बाईंनी लिहिलेलं असण्याची शक्यता फार. मी विचारून पाहिलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. माझ्या कवितेची ओळ अजून कुणी सांगितलेली नाही.

बाई उंच, हाडापेराने मजबूत, आणि चालायच्या अशा की व्हरांड्यातली पोरं आपोआप बाजूला व्हायची. मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. खडूला कागद गुंडाळून लिहायच्या. कुणालाही कधी ‘छान’ म्हणायच्या नाहीत. पोराने बरोबर उत्तर दिलं की म्हणायच्या, “बरं. अन् चुकलं असतं तं तुले कसं समजलं असतं?” पोरगं उभंच राहायचं. निम्मा तास त्यातच जायचा आणि अभ्यासक्रम मागे पडायचा, तरी वर्गातलं एकही पोर खिडकीबाहेर पाहत नसायचं.

मधल्या सुट्टीत त्या पिशवीतून गोरसपाकाचा, वर्ध्याच्या त्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा काढायच्या आणि बिनदुधाच्या चहात बुडवून एकट्या खायच्या. आमच्याकडे सगळं वाटून खायची पद्धत. मी एकदा हात पुढे केला, तर डबा जरा आपल्याकडे ओढून म्हणाल्या, “हा माहा आहे जी, सर.” रागाने नाही, माहिती द्यावी तशा. त्यांच्या घरचं मला फारसं कधी कळलं नाही. एक बहीण आर्वीला होती, एवढंच ठाऊक.

काजळ्या या कार्टून मालिकेचं काम आधी माझ्याकडे आलं होतं. हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं, म्हणून आता लिहितो. आमचा जुना विद्यार्थी पंकज मुंबईला एका डबिंगच्या स्टुडिओत लागला होता. त्याचा फोन आला. “सर, एक बाहेरची कार्टून मालिका मराठीत करायची आहे. मुलांसाठीच आहे, पण जरा काळी आहे. तुमच्याशिवाय कुणाचं नाव डोळ्यासमोर येत नाही.” पहिला भाग त्याने पाठवला. धुराने भरलेलं एक शहर, जिथे कित्येक वर्षांत ऊन पडलेलं नाही. कारखान्याच्या आगीत सापडलेला एक पोरगा मरत नाही, त्याची काजळी होते. कोणत्याही फटीतून तो आत शिरू शकतो, अडकलेल्यांना सोडवू शकतो. पण ज्याला हात लावेल ते काळं पडतं. आईला तो हात लावू शकत नाही. भागाच्या शेवटी टाळ्या नाहीत की विजयाचं गाणं नाही. तो नळाखाली हात धुतो, पाणी काळं वाहत राहतं, आणि संपतं.

मला ते आवडलं नाही. मुलांना आनंद द्यावा, अंधार कशाला, असं माझं मत होतं. तरी तीन दिवस बसून मी ते मराठीत केलं. नायकाचं नाव ठेवलं तमोहर. एका प्रसंगात तो काळाठिक्कर अवस्थेत एका म्हातारीच्या दारात उभा राहतो. तिच्या तोंडी मी वाक्य दिलं, “वत्सा, तुझ्या मुखावरील हा काळिमा कसला रे?” मला स्वतःला ते वाचून भरून आलं होतं.

आठवड्याने पंकजचा फोन. “सर, भाषा सुंदरच आहे. पण पडद्यावर म्हातारीचं तोंड चार वेळा मिटतं, आणि आपलं वाक्य तिथे उघडंच राहतं. बसत नाही.” मी म्हटलं, तिचं तोंड बदला. तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

नंतर कळलं की त्याने भोयर बाईंना विचारलं होतं. विज्ञानाच्या बाईंना! का, हे मी त्याला पुढे एकदा विचारलंच. तो म्हणाला, “सर, माणूस मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आम्हाला शाळेत फक्त मॅडमनी सांगितलं होतं.”

बाईंनी नाव ठेवलं काजळ्या. आणि म्हातारीच्या तोंडी लिहिलं, “पाय पुसून ये, बापा.”

प, प, ब, प. चार वेळा तोंड मिटतं. हे मी स्टाफरूममध्ये, कुणी नसताना, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून तपासलं. आणि ती म्हातारी खरी झाली होती. माझी म्हातारी नाटकातली होती. ही तर आमच्या गल्लीत राहणारी होती.

तेव्हापासून बाईंच्या पिशवीत एक हातआरसा आला. तास नसला की त्या कोपऱ्यात बसून आरशात बघत एकच वाक्य दहा प्रकारे बोलायच्या. ओठ मिटायचे, उघडायचे. चित्रकलेचे सर म्हणाले, बाई या वयात नट्टापट्टा शिकून राह्यल्या. सगळे हसले, मीही हसलो, जरा जास्तच. बाईंनी आरसा खाली न ठेवता सांगितलं, “सर, ‘म्हणून’ आणि ‘मनून’मध्ये हवा वेगळी निघते. पाहा तुम्ही.” आणि सगळे शिक्षक खरंच ‘म्हणून, मनून’ करत बसले. दहा मिनिटं. माझ्या कवितावाचनाला ही माणसं पाच मिनिटं शांत बसत नसत.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. ती सुटली की बाई सातवीच्या चाळीसेक पोरांना प्रयोगशाळेत बसवायच्या, पडद्यावर भाग लावायच्या आणि सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः बाजूला उभं राहून वाचायच्या. पंकजची परवानगी होती, मुख्याध्यापकांचीही होती. वाचता वाचता त्या पडद्याकडे पाहायच्याच नाहीत, पोरांकडे पाहायच्या. हातात वही. कुठे कुणाचा बाक वाजला, कुठे कुणी पाण्याची बाटली उघडली, ते टिपून ठेवायच्या. “बाटली उघडली म्हणजे माहं वाक्य लांबलं,” असं त्यांनी मला सांगितलं होतं. मग ते वाक्य कापायचं.

मी व्हरांड्यातून जाता-येता बघायचो. आत कधी गेलो नाही. त्यांनी बोलावलं होतं. “सर, या ना. तुमचा कान चांगला आहे.” मी म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत.

सहाव्या भागावरून, मालिका दाखवणाऱ्या वाहिनीच्या अधिकारी बाईंशी भोयर बाईंचं वाजलं. त्या भागात काजळ्या स्वतःच्या घरासमोर येऊन उभा राहतो. आत आई भाकऱ्या थापते आहे. तो आत जात नाही. बराच वेळ कुणीच बोलत नाही. वाहिनीचं म्हणणं होतं, मुलं घाबरतील, कंटाळतील, तेव्हा इथे एक प्रेमळ निवेदन टाका. बाई स्टाफरूममधूनच फोनवर बोलत होत्या, आम्ही सगळे ऐकत होतो.

“नाई मॅडम, पोरं भिऊन नाई राह्यली. तुम्ही भिऊन राह्यल्या... हो, मी पाह्यलं ना. चाळीस पोरं होती... नाई जी, मले लिहिता येते, पण नाई लिहीत.”

संहितेच्या त्या रकान्यात त्यांनी फक्त लिहिलं, ‘इथे कोणी बोलू नये.’ पुढच्या शनिवारी त्यांनी तोच भाग पुन्हा लावला, आणि मी मुद्दाम व्हरांड्यात थांबलो. तो प्रसंग आला आणि प्रयोगशाळेत चाळीस पोरं अशी बसली होती की छताच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मी बावीस वर्षं शिकवत होतो. ‘शांत बसा’ हे माझं रोजचं वाक्य होतं. अशी शांतता माझ्या वर्गात कधी पडली नव्हती. मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग तो अकरावा भाग. त्यात काजळ्या एका कामगाराला वाचवायला धावतो आणि त्याला उशीर होतो. कामगाराचा लहान मुलगा विचारतो, माझे बाबा कुठे आहेत. मूळ भाषेत काजळ्या काहीतरी गोड सांगतो. वाहिनीनेही ‘देवाघरी गेले’ असं सुचवलं होतं. बाईंनी लिहिलं, “ते मेले. मी पोचलो नाही.”

सातवीत तृप्ती नावाची मुलगी होती. तिचे वडील दीड वर्षापूर्वी गेले होते. आई पिठाची गिरणी चालवायची. पोरगी हुशार, नीटनेटकी, वेळेवर गृहपाठ करणारी. वडिलांबद्दल तिने शाळेत कधी एक शब्द काढला नव्हता आणि आम्हीही काढत नव्हतो. मी तिच्यासाठी खास एक कविता लिहून दिली होती, ताऱ्यांवरची. तिने ‘थँक यू सर’ म्हणून ती घडी करून वहीत ठेवली होती.

ते वाक्य बाईंनी वाचलं आणि तृप्ती रडायला लागली. मुसमुसणं नव्हे, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. व्हरांड्याच्या टोकापर्यंत आवाज आला. बाईंनी भाग थांबवला. तिच्याजवळ गेल्या नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाही. नुसत्या खाली बसल्या, जमिनीवर, तिच्या बाकाशेजारी. पोरंही बसून राहिली. बऱ्याच वेळाने तृप्ती उठली, बाहेर नळावर तोंड धुतलं. मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे न बघता ती परत आत गेली आणि विचारलं, “मॅडम, त्या पोराचं पुढे काय होते?”

हे सगळं मी पाहिलं होतं. काय पाहतो आहे तेही मला समजत होतं. आणि तरी त्या रविवारी घरी बसून मी पत्र लिहिलं. मुख्याध्यापकांना एक, संस्थेच्या सचिवांना एक. खाली सही केली, ‘एक चिंतित पालक’. शाळेत कोवळ्या मुलांना मृत्यूची भीषण दृश्यं दाखवली जातात, एका पितृहीन बालिकेला त्यामुळे भर वर्गात रडू कोसळलं, याचे मुलांच्या मनावर अनिष्ट परिणाम होतील, असा सगळा मजकूर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बसस्टँडजवळ टाइप करून घेतलं.

बुधवारी सभा झाली. मुख्याध्यापक, सचिव, भोयर बाई, आणि भाषेबद्दल मत द्यायला ज्येष्ठ मराठी शिक्षक म्हणून मी. तृप्तीच्या आईलाही बोलावलं होतं. ती गिरणी बंद करून तशीच आलेली, भुवयांवर पीठ. सचिवांनी तिला पत्रातला परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, तुमची काही तक्रार आहे का.

ती म्हणाली, “तक्रार कायची जी? माही पोरगी तिचा बाप गेला तवापासून रडलीच नव्हती. मी रडो तं मले पाणी आणून दे. त्या शनिवारी घरी आली, माह्या मांडीवर डोकं ठेवलं अन् रडली. मंग दोन भाकरी खाल्ल्या.” मग तिने विचारलं, “हे पत्र कोनं लिहिलं? माह्या पोरीचं रडनं त्याले काऊन पाह्यजे होतं?”

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमचं मत?”

मला एवढंच म्हणायचं होतं की भाषा उत्तम आहे. मी म्हणालो, “भाषा थोडी... रोखठोक आहे. वयाच्या मानाने.”

शनिवारचं दाखवणं बंद झालं. शाळेत अभ्यासक्रमाबाहेरचं काही नको, असा ठराव झाला. बाईंनी वाद घातला नाही. पत्राची प्रत मात्र मागून घेतली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाईंनी पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. “हे तुम्ही लिहिलं, सर.”

मी म्हटलं, “काय बोलता बाई!”

“पालक ‘अनिष्ट परिणाम’ नाई लिहीत जी. अन् एवढे स्वल्पविराम बराबर जागी वर्ध्यात दुसरं कोन देते?”

मी चष्मा काढून पुसायला लागलो. त्या उभ्याच होत्या. आवाज चढला नव्हता. वर्गात पोराला विचारायच्या तसंच विचारलं, “काऊन लिहिलं?”

मी शाळेत कायम प्रमाण मराठी बोलायचो. गावाकडची बोली मी नोकरीला लागलो तेव्हाच सोडली होती. पण त्या वेळी तोंडातून निघालं ते असं, “मले नाई जमलं, बाई. तुमाले जमलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तं ते लिहाचं होतं ना, सर,” त्या म्हणाल्या. “ते खरं होतं.” आणि तासाची घंटा झाली म्हणून गेल्या. पत्र तिथेच राहिलं. कुणालाही त्यांनी हे सांगितलं नाही. मुख्याध्यापकांना नाही, पंकजलाही नाही. सांगितलं असतं तर मला त्यांचा राग करता आला असता. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मालिकेचे शेवटचे सात भाग बाईंनी मुलांना न दाखवता लिहिले.

मी आता निवृत्त आहे. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा मी काजळ्या पाहतो. नातीने फोनवर लावून कसं बघायचं ते शिकवलं. तिला वाटतं, आजोबांना कार्टून आवडतं. ती स्वतः काय काय पाहते तेही मी तिच्यासोबत बसून पाहिलंय. रंग झगझगीत, सगळे ओरडत असतात, सगळे शेवटी जिंकतात, आणि फोन बाजूला ठेवला की तिला काहीच आठवत नाही. काजळ्याचा एक भाग तिने पाहिला, आणि दोन दिवसांनी जेवताना मधेच विचारलं, “आजोबा, त्याच्या आईला माहीत होतं का, तो दाराबाहेर उभा होता ते?” मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, “माहीत होतं. म्हणून तिने एक भाकरी जास्त केली.” मी ती जास्तीची भाकरी कधी मोजली नव्हती. पुन्हा लावून पाहिलं. खरंच होती.

तर इतक्या वर्षांनीही ही मालिका वेगळी का उठून दिसते, याचं माझं उत्तर एवढंच की त्यात मुलांना कुणी फसवलेलं नाही. दुष्ट म्हणून येणारा प्रत्येक माणूस कधीतरी कुणीतरी दुखावलेला असतो, आणि तरी त्याने केलेलं वाईट ते वाईटच राहतं. मेलेला माणूस पुढच्या भागात परत येत नाही. आणि मराठीत तर ती माणसं अशी बोलतात की जणू धुराचं ते शहर पुलगावच्या पलीकडेच कुठेतरी असावं. हे सगळं मी मान्य करतो. मान्य करताना अजून त्रास होतो, तेही लिहून ठेवतो.

आणि शेवटचे सात भाग. ते जरा कमी पडतात. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मला ऐकू येतं. मधेच एखादं वाक्य दोन शब्दांनी लांबतं. एखादा विचार दोनदा सांगितला जातो. तिथे चाळीस पोरं समोर असती तर कुणीतरी नक्की बाटली उघडली असती, आणि बाईंनी ते कापलं असतं. पंकज म्हणतो, शेवटी मॅडम थकल्या असतील. मी त्याला काही सांगत नाही.

बाई निवृत्त होऊन आर्वीला बहिणीकडे गेल्या. निरोप समारंभाचं मानपत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. त्यांनी ते ऐकलं, घडी केली, आणि मला म्हणाल्या, “बरं.” त्यानंतर काही वर्षं भेट नाही.

गेल्या हिवाळ्यात सावंगीच्या दवाखान्यात डोळे दाखवून परत येताना मी वर्ध्याच्या बसस्टँडवर उतरलो आणि त्या दिसल्या. आर्वीच्या फलाटावर. केस पूर्ण पांढरे, पाठीला जरासा बाक, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. मी थांबलो. इतक्या वर्षांत मी त्यांची माफी मागितली नव्हती. वाक्य मात्र कधीपासून तयार होतं. छोटं, साधं, कितीदा तरी कापून कापून केलेलं. मी चालायला लागलो.

तेवढ्यात एक तरुण बाई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्यासमोर आली. बहुतेक जुनी विद्यार्थिनी असावी. तिने वाकून नमस्कार केला आणि मुलीला पुढे करून काहीतरी सांगितलं. मुलगी आधी आईच्या ओढणीत लपली. मग धीर करून बोलायला लागली. बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली उकिडव्या बसल्या. पिशवी कलंडली, मेथी फरशीवर आली, त्यांचं लक्ष नव्हतं.

मी चार पावलांवर होतो. मुलगी काजळ्याचा कोणतातरी भाग सांगत होती आणि सगळं चुकीचं सांगत होती. एका भागातली म्हातारी दुसऱ्या भागातल्या आगीत घातली होती, काजळ्याला एक कुत्रा दिला होता, जो मालिकेत कुठेच नाही. बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही. मी थांबून राहिलो. तिचं संपलं की बोलू, असं मनाशी म्हणत होतो. ते संपेना.

आर्वीची बस लागली. कंडक्टरने आवाज दिला. त्या तरुण बाईने मेथी पिशवीत भरून दिली, बाईंना हात देऊन उठवलं, दारापर्यंत नेलं. मी “बाई” म्हटलं, पण बसचं इंजिन चालू होतं. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या. मी त्यांच्या समोरच होतो, मान जरा वर केली असती तर दिसलो असतो. पण त्या खाली, त्या पोरीकडे बघत होत्या. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीच्या गजाला धरून तोंड बाहेर काढलं आणि, जणू ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असावी, तशा घाईने विचारलं,

“अन् मंग? मंग त्या कुत्र्याचं काय झालं वं?”